पाणी पिणारा पारगड

नागनाथ अण्णांना शालीची धास्ती होती.

सापाची नव्हती. बेळगावच्या पलीकडे, पारगडाच्या पायथ्याशी त्यांचं गाव. तिथं लहानपणी ते एकदा फुरसं उशाला घेऊन झोपले होते आणि सकाळी फुरशानंच आधी पळ काढला होता, असं ते सांगत. साहेबाचीही नव्हती. बेंगळुरात विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात त्यांनी फोरमनकी केली, आणि तिथं अण्णा दिसले की साहेबच टाय सरळ करायचे. पण मराठी मंडळाचे अध्यक्ष दयानंदराव हसत हसत समोरून येताना दिसले, की हा गडी झटकन चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकायचा, तो दयानंदराव पुढच्या चौकात पोचेपर्यंत वर यायचा नाही.

कारण मंडळानं ठरवलं होतं. दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा व्हायची, त्यात अण्णांना शाल-श्रीफळ द्यायचं आणि कायमचं परीक्षक करून टाकायचं.

"सत्कार म्हणजे काय असतंय माहिताय?" अण्णा बायकोला म्हणाले. "आधी शाल, मग हार. आणि एकदा हार पडला की माणूस भिंतीवर जातोय."

"जावा की मग," कृष्णाबाई शेंगा सोलत म्हणाल्या. "हॉलमधली तेवढीच एक भिंत मोकळी आहे."

दोष मंडळाचाही नव्हता. यशवंतपूरला अण्णांचं बैठं घर होतं तोवर मागच्या अंगणात दर दिवाळीला गड उभा राहायचा आणि स्पर्धा तिथंच संपायची. बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी भांडायचे. अण्णांच्या सिंहगडावर एका वर्षी खरीखुरी घोरपड चढली होती. ती यशवंतपुरात आली कुठून, हे विचारायचं नाही. चढली एवढं खरं. एकदा त्यांच्या गडावरची मोहरी अशी माजली, की पाडव्याला कृष्णाबाईंनी तिची भाजी केली आणि अख्खी गल्ली जेवली, तरी बुरुजावरची शिल्लक होती.

पण अंगणाचं घर गेलं. अण्णा आणि कृष्णाबाई के. आर. पुरमला नवव्या मजल्यावर राहायला आले, आणि सोसायटीच्या सेक्रेटरी भाग्यलक्ष्मी मॅडमनी पहिल्याच दिवशी नियम ऐकवला: "सार, माती वर आणायची नाही." कुणाच्या तरी बाल्कनीतली माती पाइपात उतरली होती आणि म्हणे तळमजल्यावर एकाच्या न्हाणीघरात कोथिंबीर उगवली होती. माती नाही म्हणजे गड नाही. गड नाही म्हणजे शाल.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन दयानंदराव नवव्या मजल्यावर आले. इथं वाकून चप्पल नीट करायची सोय नव्हती; अण्णा अनवाणी होते.

"अण्णा, यंदा नाही म्हणायचं नाही. शाल कांजीवरमच्या काठाची काढलीय मी चिकपेटेच्या बाजारातून."

"शाल तुम्ही पांघरा. मी यंदा स्पर्धेत उतरणार."

"नवव्या मजल्यावर?" दयानंदराव हसले. "आणि माती कुठली? नियम ठाऊक आहे ना आपला? प्लास्टिकची हिरवळ चालत नाही. पेरलेली, वाढलेली, जित्ती पाहिजे. मी हात लावून बघणार."

"हात लावा, नाक लावा. गड उभा करतो मी."

"आणि नाही झाला तर?"

अण्णांनी तिळगूळ दाढेखाली धरला. "नाही झाला तर शाल, श्रीफळ, परीक्षकाची खुर्ची, काय पाहिजे ते घाला अंगावर. पुन्हा म्हणून मातीला हात लावणार नाही."

"सरी? ठरलं?"

"सरी."

लिफ्टचं दार बंद झाल्यावर कृष्णाबाई म्हणाल्या, "गड बांधणार कुठं? माझ्या पोळपाटावर?"

अण्णा दुसऱ्याच दिवशी यशवंतपूरला गेले. बाजाराच्या पाठीमागच्या बोळात नागराजचं दुकान होतं. तो मूळचा बिदरकडचा. माशांच्या काचेच्या पेट्या विकायचा, आणि अलीकडं शहरातल्या हौशी लोकांसाठी पेटीत पाण्याऐवजी आख्खं रान लावून द्यायचा: दगड, नेचे, वेली, वरून दिवा. तोंडात मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली.

"माती न लागणारी हिरवळ आहे काय तुझ्याकडं?" अण्णांनी विचारलं.

नागराजनं एका पेटीचं झाकण सरकवलं. आत हिरव्या तारकांची गादी पसरली होती. प्रत्येक तुऱ्याचं टोक म्हणजे चिमुकलं फूलच. त्यानं मूठभर उचलून पेल्यावर धरलं आणि पिळलं. पेला काठोकाठ भरला. मूठ उघडली तर तुरे पुन्हा टवटवीत, जणू काही झालंच नाही.

"स्फॅग्नम म्हणत्यात, अण्णा. थंड मुलखातल्या दलदलीतलं शेवाळ. माती बेडा, खत बेडा, काही नको. वर उजेड, झाकणाखाली दमट हवा आणि पाणी. साकु, बास."

"हा तर स्पंज आहे!"

"स्पंज मेलेला असतोय. हे जित्तं. आपल्या वजनाच्या वीसपट पाणी पितंय. पण पाणी शुद्ध पाहिजे हां. पावसाचं, नाहीतर आरओच्या पिण्याच्या नळीचं. बोअरचं दाखवलं तरी रुसतंय."

अण्णांनी हे अर्ध्याच कानानं ऐकलं. त्यांच्या डोळ्यांपुढं काचेत पारगड उभा राहिला होता.

तीन हात लांबीची पेटी हॉलमध्ये आली. टीव्ही स्वयंपाकघरात गेला, कृष्णाबाई दोन दिवस अण्णांशी टीव्हीमार्फतच बोलल्या. अण्णांनी काळे सच्छिद्र दगड घासूनपुसून रचले. तीन बाजूंनी तुटलेला कडा, एका अंगानं पायऱ्या, वर भवानीचं देऊळ, दरवाजा, त्यात भाजक्या मातीचे मावळे, बुरूज. पारगड डोळे मिटून बांधला, कारण गावातल्या घराच्या उंबऱ्यातून तो रोज दिसायचा. उतारांवर नागराजचं स्फॅग्नम अंथरलं, वर दिव्याची पट्टी लावली. गड असा दिसायला लागला, की सकाळी चहा पिताना अण्णांना धाप लागायची. आपण चढतोय असं वाटायचं.

आणि मग त्यांनी घोटाळा केला. तो दुसऱ्या कुणाला जमलाच नसता. त्यासाठी काटकसरीत मुरलेलं घर लागतं.

अण्णांच्या घरात पाण्याचा थेंब वाया जाणं म्हणजे घराण्याला बट्टा. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या शहरात राहून ही सवय आणखीच घट्ट झालेली. तांदळाचं धुवण तुळशीला. डाळीचं धुवण कढीपत्त्याला. आरओ यंत्राच्या एका नळीतून पिण्याचं पाणी यायचं आणि दुसरीतून नको असलेलं. ते बादलीत साठवून त्यानं फरशी पुसायची. माणसांच्या माठातलं पाणी झाडाला घालायचं, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. नागराजनं पिण्याची नळी सांगितली होती हे अण्णांना आठवत होतं. पण ते स्वतःशीच म्हणाले, शेवाळाला कसले नखरे? चांगलं पाणी माणसाला, उरलेलं झाडाला. आणि बादलीतलं पाणी त्यांनी पारगडाला दिलं. वर, गडाला बळ यावं म्हणून, शुक्रवारी तांदळाचं धुवणही.

होळीला गड पिवळा पडला. अण्णा म्हणाले, ऊन फार झालं असेल. गुढीपाडव्याला तो शिजून गेलेल्या मेथीसारखा तपकिरी आणि लिबलिबीत झाला. अण्णांनी मूठभर शेवाळ स्टीलच्या डब्यात घातलं आणि मेट्रो धरली. डबा मांडीवर असा धरून बसले होते, की शेजारच्या माणसानं उठून त्यांना कोपऱ्यातली जागा दिली.

नागराजनं डबा उघडला, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "अय्यो! अण्णा, ह्येला तुम्ही जेवण घातलं!"

"नुसतं पाणी घातलं रे!"

"कुठलं?"

अण्णांनी सांगितलं. नागराज स्टुलावर बसला.

"यंत्र पाण्यातला सगळा क्षार बाहेर काढतंय, खरं? मग तो क्षार कुठं जातोय? त्या दुसऱ्या नळीत! तुम्ही आख्ख्या बेंगळुराच्या बोअरचा क्षार ह्येला पाजला. वर तांदळाचं पाणी! दुसरी झाडं खाऊन जगत्यात. हे न खाऊन जगतंय. दलदलीत खायला काहीच नसतंय, नुसता पाऊस. हे उपासाचं झाड आहे, अण्णा. जेवायला घातलं की मरतंय."

अण्णा डब्याकडं बघत राहिले. आयुष्यात त्यांनी एवढं आग्रहानं कुणाला वाढलं नव्हतं.

नागराज मात्र बोटानं चिखल चिवडत होता. तळाशी एक तुरा सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण हिरवा. "हे जित्तं आहे. स्वल्प आहे, पण आहे. घरी आणखी चारदोन सापडतील. मेलेलं सगळं पावसाच्या पाण्यानं धुवा, खळखळून, क्षार जाईस्तोवर. मग त्याच्याच गादीवर हे तुरे ठेवा. एकाचे दोन होत्यात. पण घाई करायची नाही."

घरी येऊन अण्णांनी सगळं कृष्णाबाईंना सांगितलं, आणि वर मान करून न बघता पुढचं ऐकायची तयारी केली. कृष्णाबाईंनी डब्यातला तुरा उजेडात धरला.

"म्हणजे नुसत्या पाण्यावरची एकादशी," त्या म्हणाल्या. "बारा महिने."

"तसंच."

"आणि उपासाच्या जिवाला तुम्ही तांदळाचं धुवण पाजलंत? अहो, मला आधी सांगायचं की! गेली चाळीस वर्षं मी ह्या घरात उपास करते. उपासाला काय चालतंय आणि काय नाही, हे मला विचारायचं सोडून तुम्ही बादलीला विचारलंत?"

त्या दिवसापासून पारगड सोवळ्यात गेला. साबणाच्या हातानं पेटीला शिवायचं नाही. पाणी घालायचा फवारा वेगळा, वाटी वेगळी. कृष्णाबाईंनी पाण्यासाठी माळ्यावरून तांब्याचा हंडा काढला; नागराज फोनवर एवढ्या मोठ्यानं "तांबा बेडा!" म्हणून ओरडला, की शेवाळाला तांबं मानवत नाही हे फोन न उचलताही कळलं असतं. हंडा परत गेला, स्टीलची घागर आली.

प्रश्न एकच राहिला. पाऊस. यंत्राचं पिण्याचं पाणी तुऱ्यांना पुरेल, पण एवढी गादी धुवायला नदी लागणार होती.

एप्रिलमध्ये आंब्याच्या सरी आल्या. पहिला गडगडाट झाला तसे अण्णा बाल्कनीत धावले. त्यांनी मोठी काळी छत्री उलटी करून कपड्यांच्या दांडीला बाहेर टांगली, तिच्या टोकाला भोक पाडून नळी जोडली आणि नळी घागरीत सोडली. खालून भाग्यलक्ष्मी मॅडमचा फोन आला.

"नागनाथ सार, तुमची छत्री उलटी आहे."

"माहिताय, मॅडम."

"पाऊस आत पडतोय तिच्यात."

"पडू दे की."

"पण सार, तुम्ही बाहेर भिजताय."

"छत्री माझ्यासाठी नाही, मॅडम. पारगडासाठी आहे."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. सोसायटीच्या नियमांत छत्रीबद्दल काही सापडलं नसावं. "सरी सार," त्या म्हणाल्या. "वारा आला तर धरा तिला."

वारा आलाच. त्यानं छत्री धरली आणि छत्रीनं अण्णांना. कृष्णाबाई सांगतात की त्यांनी मागून धोतर धरलं नसतं, तर अण्णा त्या दिवशी व्हाइटफील्डला उतरले असते. पण घागरी भरल्या. बादल्या, पातेली, कुकर, इडलीपात्राचा तळसुद्धा भरला. अण्णांनी मेलेली गादी धुतली, पिळली, पुन्हा धुतली. पाणी चहासारखं निघालं, मग फिक्या चहासारखं, मग नुसतं पाणी. तुरे शोधले, कात्रीनं शेंडे उतरवले आणि चिमट्यानं एकेक उतारावर बसवले. हाच माणूस विमानाच्या पंखात रिव्हेट बसवायचा तेव्हा सुद्धा एवढा श्वास रोखत नव्हता.

मग वाट बघणं. अण्णांच्या स्वभावात ते नव्हतं, पण उपासाच्या झाडापुढं माणसाचा इलाज चालत नाही. मे संपताना एका तुऱ्याला मधोमध भांग पडला. एकाचे दोन झाले. दोनाचे चार झाले. आषाढात उतार हिरवे झाले, श्रावणात पायऱ्यांच्या फटी भरल्या, आणि गड असा पोसला की त्याची तहान काचेत मावेना.

नवव्या मजल्यावर तेव्हा जे घडलं ते इमारतीत आजही कुणालाही विचारावं. बेंगळुरात जुलै-ऑगस्टला ती बारीक रिपरिप लागते आणि कपडे आठवडा आठवडा वाळत नाहीत. अण्णांच्या हॉलमध्ये मात्र पेटीचं झाकण घटकाभर उघडलं, की खोलीतला सगळा दमटपणा गडात शिरायचा. पापड कुरकुरीत राहायला लागले. मिठाच्या बरणीतलं मीठ सुटं पडायला लागलं. धोतर पेटीसमोर धरायचं, एक ते दहा म्हणायचं, घडी घालायची.

भाग्यलक्ष्मी मॅडम तक्रार घेऊन आल्या. "सार, तुमच्या घरात शेवाळ आहे म्हणे. शेवाळ म्हणजे ओल. ओल म्हणजे आठव्या मजल्याचं छत."

कृष्णाबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा ओला पदर बघितला. "असं उभ्या राहा जरा, गडासमोर."

मॅडम उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी पदर चाचपला, पुन्हा चाचपला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अक्का, माझ्याकडं म्हैसूर सिल्कच्या दोन साड्या आहेत. चार दिवस झाले, ओल्याच."

"आणा की."

पुढं लिफ्टमध्ये बादल्या घेतलेल्या बायकांची रांग लागायला लागली, पण तो भाग सोडून देऊ. दिवाळी आली.

स्पर्धा यशवंतपूरला, मंडळाच्या आवारात. ताडपत्रीचा मांडव, खाली टेबलं, टेबलांवर गड. अण्णांनी पेटी टेम्पोत चढवली. शेजारी पावसाच्या पाण्याचा कॅन ठेवला आणि त्याचं झाकण नीट लावायची सूचना ड्रायव्हरला, पोराबाळांना, इमारतीच्या वॉचमनला दिली. स्वतः लावायचं राहिलं. हेब्बाळच्या अलीकडं टेम्पो एका खड्ड्यात उतरला, पलीकडून वर आला, तेव्हा कॅन आडवा होता आणि पाणी रस्त्यावर होतं.

"असू दे," अण्णा म्हणाले. "गड प्यालेला आहे. संध्याकाळपर्यंत काय होतंय?"

पण मंडळाचा नियम. हात लावून बघायचं म्हणून पेटीचं झाकण काढून ठेवावं लागलं. मांडवात हॅलोजनचे दिवे, कोपऱ्यात घरघरणारे पंखे. दुपार कलली तशी पारगडाच्या शेंड्यांवर फिकट छटा आली. मग उतार पांढरट झाले. स्फॅग्नम तहानलं की हिरवं राहत नाही, पांढरं पडतं, आणि ते एवढं झपाट्यानं, की अण्णा घाम पुसून वर बघेपर्यंत देवळाच्या मागची बाजू गेली होती.

एका भल्या माणसानं बाटली पुढं केली. "अण्णा, मिनरल वॉटर घाला ना."

"नावातच क्षार आहेत त्याच्या!" अण्णांनी बाटली अशी ढकलली, जणू तिच्यात तेजाब होतं. शेवटी त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून गडावर सावली धरली. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि ओंजळीखाली मूठभर पारगड. बाकीचा उघडाच.

दयानंदराव टेबलामागून टेबल बघत आले. परीक्षक न मिळाल्यानं तेच परीक्षक होते. डाव्या हातावर कांजीवरमच्या काठाची शाल, उजव्या हातात नारळ.

"अण्णा," ते वाकून म्हणाले, "तुमच्या गडाचे केस पिकले हो!"

मांडवात हशा पिकला. दयानंदराव वाईट माणूस नव्हता. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं केलंत हेच पुष्कळ. आता या वर स्टेजवर. दमलात."

अण्णांनी मान वळवली. कृष्णाबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्या अण्णांकडं नाही, मांडवाच्या कडेकडं बघत होत्या. तिथून आभाळाची एक पट्टी दिसत होती आणि ती पट्टी शाईसारखी झाली होती. वारा सुटला. ताडपत्री फडफडली. आवारातल्या धुळीत टपोरे थेंब पडले आणि नाणी पडल्यासारखा आवाज आला.

"पाऊस! पाऊस!" एकच धांदल. बाहेरच्या रांगेतली टेबलं आत ओढली जाऊ लागली, गडांवर छत्र्या, प्लास्टिक, कुणाची ओढणी, कुणाचं पोस्टर. दिवाळीतला बेंगळुरी पाऊस म्हणजे न बोलावता फराळाला येणारा पाहुणा. आला की आधी गड खातो.

"अगं, धर टेबल," अण्णा म्हणाले.

"आत घेऊ?"

"बाहेर."

कृष्णाबाईंनी एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा पांढऱ्या पडलेल्या उतारांकडं. मग पदर खोचला. "पारण्याची वेळ झाली म्हणा की."

सगळं मंडळ आत येत होतं आणि ही दोन म्हातारी माणसं टेबल ढकलत बाहेर निघाली होती. "अण्णा, वेडे झालात काय?" "गड वाहून जाईल!" दयानंदराव शाल वर धरून ओरडले, "अहो, धरा त्यांना!" पण धरणार कोण? प्रत्येकाचे दोन्ही हात आपापल्या गडावर होते. टेबल उघड्यावर आलं, आणि आभाळानं घागर नाही, अख्खं तळं उपडं केलं.

पहिले काही क्षण काहीच झालं नाही. पावसानं पेटी भरत चालली. पांढरा गड पाण्यात पांढराच. अण्णांचा चष्मा धुऊन निघत होता, त्यांनी तो पुसला नाही.

मग पायथ्याशी, दरवाजाजवळ, एक हिरवी रेघ उमटली. ती पायरी चढली. दुसरी चढली. कुणीतरी दिवट्या घेऊन गड चढावा तसा हिरवा रंग उतारावरून वर निघाला, देवळाला वळसा घालून बुरुजावर पोचला, आणि सगळा पारगड पेटल्यासारखा हिरवा झाला. कृष्णाबाईंनी अण्णांचा दंड धरला. पण गड तिथं थांबतोय कुठला! दुपारभराची तहान होती ती. पेटीतलं पाणी घटाघटा खाली गेलं. उतार फुगले, कडे फुगले, बुरूज वीतभर वर आला. दरवाजातले मातीचे मावळे हळूहळू उचलले गेले आणि काचेच्या काठावरून बाहेर डोकावायला लागले, जणू खाली कोण आलंय ते बघताहेत. शेवाळ काठावरून ओघळून टेबलावर आलं, टेबलाच्या पायावरून जमिनीला टेकलं. त्या आवारात एरवी पाऊस पडला की पोटऱ्या बुडतात. त्या दिवशी पाणी चहूबाजूंनी टेबलाकडं धावलं आणि नाहीसं झालं. चपलांचे तळ कोरडे राहिले. एक बेडूक पोहत पोहत आला होता, तो अर्ध्यावर चालायला लागला.

आणि इकडं मांडवात ताडपत्रीला पोट सुटलं होतं. ते वाढत वाढत गेलं आणि बरोबर मधोमध फुटलं. पहिल्या धारेत राजगडाचं श्रीखंड झालं. रायगड पन्हाळ्यात मिसळला. ज्या महाभागानं गुपचूप चिकपेटेतली प्लास्टिकची हिरवळ वापरली होती, त्याची हिरवळ मावळ्यांसकट तराफ्यासारखी निघाली आणि सगळ्यांच्या देखत दयानंदरावांच्या पायाशी येऊन लागली. दयानंदराव डोक्यापासून नखापर्यंत भिजले. थंडीनं दात वाजायला लागले. हातात दुसरं काही नव्हतं. त्यांनी शाल उलगडली आणि स्वतःच पांघरली.

तसेच कुडकुडत ते बाहेर टेबलापाशी आले. मागोमाग सगळं मंडळ.

"हात लावून बघणार होतात," अण्णा म्हणाले.

दयानंदरावांनी बुरुजावर बोट ठेवलं आणि जरा दाबलं. एवढं पाणी प्यालेला गड! बुरुजातून अशी पिचकारी सुटली, की ती अध्यक्षांच्या चष्म्यावर आदळली, टोपी उडाली आणि मागच्या रांगेपर्यंत सगळे शिंपून निघाले.

"तोफ!" कुणीतरी ओरडलं. "पारगडाची तोफ!"

मग जो हशा झाला, जी आरोळी उठली, ती म्हणे यशवंतपूर जंक्शनला ऐकू गेली आणि फलाटावरच्या गाडीनं घाबरून शिट्टी दिली. दयानंदराव निथळत उभे होते. आधी हसायचं की रागवायचं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"पहिला नंबर," ते म्हणाले. "दुसरा नंबर नाहीच. दुसरा गडच राहिलेला नाही."

"आणि परीक्षक?" कृष्णाबाईंनी विचारलं. "ह्यांची खुर्ची?"

"अक्का, ह्या माणसाला खुर्चीवर बसवायचं तर आधी तोफा काढून घ्याव्या लागतील." दयानंदरावांनी चष्मा पुसला. आवाज जरा खाली आला. "अण्णा, माझाही फ्लॅटच आहे हो, सहाव्या मजल्यावर. सोसायटी माती आणू देत नाही. गड बांधून दहा वर्षं झाली. ह्यातला एखादा तुरा..."

त्यांच्या मागून दुसरा हात आला, मग तिसरा. चौदावा मजला, अकरावा मजला, बाल्कनी नसलेला दुसरा मजला. अण्णांनी काठावरून ओघळलेले शेंडे खुडून ओंजळी ओंजळी वाटले आणि प्रत्येकाला बजावलं, "पावसाचं पाणी. जेवायला घालायचं नाही. आग्रह करायचा नाही. उपासाचं काही अडलं तर आमच्या घरी फोन करा, पण फोनवर मला नाही, हिला मागा."

पाऊस थांबला. गड घरी न्यायची वेळ आली, आणि पेटी हलेना. आवाराचं सगळं पाणी पोटात घेऊन बसलेला पारगड तो. टेम्पोवाल्यानं एक बाजू उचलून बघितली आणि कंबर धरून बसला. शेवटी मांडवाचे बांबू काढले, टेबलाखालून घातले, आणि मंडळातल्या झाडून सगळ्या गड्यांनी खांदा दिला. दयानंदराव पुढच्या बांबूला. "हर हर महादेव" झालं, पालखी उठली, रस्त्यावरच्या रिक्षा बाजूला झाल्या. अण्णा पुढं, हात मोकळे, चाल फोरमनची.

"अहो," कृष्णाबाई त्यांना गाठून म्हणाल्या, "एवढा फुगलाय. हॉलमध्ये मावणार नाही आता."

अण्णांनी वळून एकदा पालखीकडं बघितलं. बुरूज डुलत होते, मावळे भिजून चमकत होते.

"मग आपण स्वयंपाकघरात राहू," ते म्हणाले. "टीव्ही तिथं आहेच."